घरामागच्या जागेत टर्फ: मातीपासून जाळीपर्यंत

पुणे असो, नाशिक असो की कोल्हापूर, संध्याकाळी सहानंतर टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, मोकळं मिळणं अवघड झालंय. तासाच्या भाड्यावर जागा घ्यायची, दहा-बारा जणांनी वर्गणी काढायची आणि रंगात आलेला खेळ वेळ संपली म्हणून सोडून यायचं. त्यामुळे ज्यांच्या बंगल्यामागे किंवा गावाकडच्या घराच्या परड्यात हजार-बाराशे चौरस फूट जागा मोकळी पडून आहे, त्यांना आपलंच एक छोटं टर्फ करावंसं वाटतं. जरूर करा. पोरं मोबाईल सोडून अंगणात येणार असतील तर हा खर्च सत्कारणी लागला म्हणायचं.

फक्त सुरुवात गवताचे नमुने बघण्यापासून करू नका. घरगुती टर्फच्या बहुतेक तक्रारी खालून येतात. कुठे लाटा येतात, कुठे सांधा उघडतो, कुठे पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी हटत नाही. वरचं गवत बदलून यातलं काहीच सुटत नाही. म्हणून हा लेख बराचसा माती, मुरूम आणि पाण्याबद्दल आहे.

आधी खेळ ठरवा

पृष्ठभाग बदलला की खेळ बदलतो, हे आपल्या देशाला हॉकीनं शिकवलं. १९७५ मध्ये क्वालालंपूरला भारतानं विश्वचषक जिंकला तो नैसर्गिक गवतावर. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रिअल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. घरच्या अंगणातही हाच नियम लागू होतो.

बास्केटबॉलसाठी टर्फ नकोच, त्यावर चेंडू ड्रिबलच होत नाही. बॅडमिंटन (४४ बाय २० फूट) आणि तेवढ्याच मापाचं पिकलबॉल यांनाही गुळगुळीत काँक्रीटवरचा ॲक्रिलिक रंगाचा कोर्ट बरा. टर्फ शोभतं ते फुटबॉल, टेनिस बॉल क्रिकेट आणि लहान मुलांच्या मोकळ्या खेळांना.

क्रिकेटबद्दल एक हिशोब आधीच करून ठेवा. खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. त्यात यष्ट्यांमागची जागा आणि गोलंदाजाची धाव धरली की शंभर फूटही कमी पडतात. पन्नास फुटांच्या जागेत पुऱ्या मापाची खेळपट्टी बसत नाही, हे मान्य करूनच पुढे जा. आखूड पट्टीवर टेनिस बॉलनं झकास खेळता येतं. लेदर बॉलचा सराव हवा असेल तर वेगळी बारा फूट रुंद नेटची पट्टी करा. तिच्याखाली काँक्रीट आणि वर ९ ते १२ मिलिमीटरचं घट्ट गवत घ्या, म्हणजे टप्पा खरा पडेल.

परवानगी आणि शेजारी

सोसायटीचा प्लॉट असेल तर लेखी संमती घ्या. उंच खांब, जाळी आणि दिवे लावायचे असतील तर नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधी विचारा. शहरी हद्दीत मध्ये येणारं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यासाठी राज्यात १९७५ पासून कायदा आहे. तसंही पश्चिमेकडचं झाड वाचवा. दुपारनंतरची त्याची सावली टर्फला सोन्यासारखी आहे, कारण उन्हातलं कृत्रिम गवत साठ अंशांच्या वर तापतं. पाणी शिंपडलं तर थोडा वेळच गार राहतं. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. पण आकड्यांपेक्षा शेजारच्या काकूंना आधी जाऊन सांगणं जास्त कामाला येतं.

आखणी: रोलच्या मापाची

गवताचे रोल साधारण दोन किंवा चार मीटर रुंद येतात. दोन मीटर म्हणजे साडेसहा फुटांहून किंचित जास्त. चार रोल शेजारी शेजारी टाकले आणि कडा कापल्या की २६ फूट भरतात. तुम्ही कोर्ट २८ फूट रुंद आखलं तर दोन फुटांसाठी पाचवा रोल कापावा लागेल आणि एक सांधा वाढेल. म्हणून जागा परवानगी देत असेल तर रुंदी रोलच्या पटीत ठेवा. पुढचा सगळा हिशोब मी २६ बाय ५० फुटांच्या कोर्टाचा धरलाय. क्षेत्रफळ १,३०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १२१ चौरस मीटर.

चार खुंट्या ठोका, दोरी ताणा आणि चुन्याच्या फक्कीनं रेघ मारा. कोपरे गुण्यात आहेत का हे बघायला दोन्ही कर्ण मोजा. या मापात दोन्ही ५६ फूट ४ इंच यायला हवेत. इथे दोन-तीन इंचांचा फरक चालवून घेतला तर शेवटच्या रोलची कड तिरकी कापावी लागते आणि ते कायम डोळ्यांत खुपतं.

माती ओळखा

आपल्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात ती फुगून वर येते. दरवर्षी हलणाऱ्या अशा जमिनीवर थेट खडी टाकली तर दोन पावसाळ्यांत टर्फला उंचवटे येतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्यावर हा त्रास नाही, पाणी लवकर मुरतं. पण तिथला पाऊस एवढा की उतार आणि पन्हळ नीट नसेल तर बारीक माती वर येऊन बसते.

एक सोपी परीक्षा घ्या. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरलं ते पट्टीनं मोजा. दुसऱ्या वेळचंच माप खरं, कारण पहिल्यांदा कोरडी माती पाणी पिऊन घेते. तासात अर्धा इंचही उतरत नसेल तर पाणी जमिनीत मुरण्याची आशा सोडा आणि ते बाजूनं बाहेर काढण्याची सोय करा.

खोदाई आणि पाया

काळ्या मातीत निदान एक फूट खोदा. १,३०० चौरस फुटांवर एक फूट म्हणजे १,३०० घनफूट, अर्थात १३ ब्रास. खोदलेली माती मोकळी होऊन फुगते, त्यामुळे उचलताना ती १६-१७ ब्रास भरते. ही माती कुठे टाकायची ते जेसीबी बोलावण्याआधी ठरवा. शेतात किंवा बागेत गेली तर उत्तमच. घराच्या पायाला लागून मात्र ढीग करू नका.

खोदाई झाली की जाळीचे खांब आणि दिव्यांच्या वायरचे पाइप आधी बसवून घ्या. बरेच जण हे शेवटी ठेवतात आणि मग तयार पाया फोडायची वेळ येते. खांबाचा खड्डा अडीच-तीन फूट खोल हवा आणि काँक्रीटनं भरलेला हवा. जाळीवर वारा धरतो आणि वळवाच्या वादळात उथळ खांब वाकतात.

खोदलेल्या तळावर रोलर फिरवा आणि त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. ते पाणी जाऊ देतं, पण काळी माती वर मुरमात मिसळू देत नाही. स्वस्त पडतं म्हणून प्लास्टिकचा कागद टाकू नका, त्यावर पाणी अडकून बसतं. कापडावर मुरूम सहा इंच, तोही दोन थरांत. आदल्या संध्याकाळी पाणी मारा, सकाळी रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवा, कोपऱ्यांत हातानं धुम्मस करा. सहा इंच दाबलेल्या थराला हिशोबानं साडेसहा ब्रास लागतो, पण दबाई धरून आठ ब्रास मागवा. टाच जोरात आपटली तरी खूण उमटत नाही, इथपर्यंत दबाई व्हायला हवी.

आता उतार. तो सगळ्यात वरच्या थरात देऊ असं मिस्त्री म्हणेल, त्याला नको म्हणा. काळ्या मातीवर मुरमाचाच माथा उतारात हवा, म्हणजे खडीतून खाली आलेलं पाणी मुरमावरून घरंगळत कडेच्या पाइपात जाईल आणि खालची माती फुगवणार नाही. शंभराला एक हा उतार खेळताना जाणवत नाही. २६ फुटांच्या रुंदीत तो तीन इंचांचा होतो. उतार घराच्या विरुद्ध बाजूला द्या. लेव्हल मशीन नसेल तर गवंड्याची पारदर्शक नळी पुरते. नळीत पाणी भरायचं, एक माणूस उंच कडेच्या खुंटीपाशी, दुसरा समोरच्या खुंटीपाशी. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की खुणा करायच्या, समोरच्या खुणेपासून तीन इंच खाली मोजायचं आणि तिथे दोरी बांधायची. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं माप चुकतं, म्हणून आधी दोन्ही टोकं एकत्र धरून पाणी सारखं येतंय ना ते बघा. दर दहा फुटांवर हे करा. तासाभराचं काम आहे, पण पुढच्या दहा वर्षांचं पाणी त्यावर ठरतं.

मुरमावर चार इंच २० मिलिमीटरची खडी, दबाईसकट सव्वापाच ब्रास. तिच्यावर बारीक ग्रिट दीड इंच, सुमारे दोन ब्रास. ग्रिटमध्ये दगडाची कच मिसळली की वरचा भाग छान बसतो, पण कच जास्त झाली तर तो सिमेंटसारखा घट्ट होतो आणि पाणी अडतं. बादलीभर पाणी ओतून बघा, लगेच शोषलं गेलं पाहिजे. शेवटी दहा फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी सगळीकडे आडवी-उभी ठेवून पाहा. पट्टीखालून करंगळी जात असेल तिथे भरा किंवा खरवडा. गवत अंथरल्यावर हे दुरुस्त होत नाही.

चारही बाजूंना सहा इंच रुंद काँक्रीटची कड घाला, तिचा माथा ग्रिटच्या पातळीला. टर्फची कड तिच्यावर चिकटवायची असते. उताराच्या बाजूला कडेखाली भोकं ठेवा आणि आतल्या अंगाला छिद्रांचा चार इंची पाइप खडीत गुंडाळून टाका.

हे पाणी नेमकं किती? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एका संध्याकाळी ५० मिलिमीटर पडला तर आपल्या कोर्टावर सहा हजार लिटर, टँकरच्या हिशोबात मोजण्याएवढं पाणी. ते शेजाऱ्याच्या भिंतीकडे सोडू नका. शोषखड्डा करा, आणि बोअर असेल तर गाळण लावून पुनर्भरणाला वळवा.

घाई नसेल तर माझा सल्ला असा: मे महिन्यात मुरूम दाबून घ्या आणि एक पावसाळा तसाच जाऊ द्या. जिथे खचायचं तिथे खचेल. दिवाळीनंतर ती भर घालून खडी, ग्रिट आणि गवत टाका. काळ्या मातीच्या प्लॉटवर हे पाच-सहा महिने थांबण्यासारखा स्वस्त विमा नाही.

गवत निवडताना

घरी मिश्र खेळासाठी मी २० ते २५ मिलिमीटरचं, दाट टाक्यांचं, वाळू भरायचं गवत सुचवेन. पन्नास मिलिमीटरचं लांब गवत फुटबॉलला मऊ लागतं, पण त्यात टेनिस बॉल बसतो आणि ते उभं ठेवायला रबराचे काळे दाणे भरावे लागतात. जुन्या टायरचे हे दाणे उन्हात तापतात, पावसात वाहतात, मोज्यांतून घरभर येतात. युरोपीय संघानं २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणताना मैदानात भरायच्या अशा दाण्यांची विक्री आठ वर्षांनी बंद करायचं ठरवलं. आपल्या अंगणात तर ते नकोतच. आखूड गवताचा तोटा एकच, घसरून पडलं की गुडघे सोलवटतात. मुलं लहान असतील तर खाली फोमचा शॉक पॅड घाला.

बागेत शोभेला लावतात ते मऊ, खाली तपकिरी कुरळे धागे असलेलं गवत खेळाचं नाही. दुकानात ते हाताला सर्वांत छान लागतं आणि कोर्टावर वर्षभरात आडवं होतं. नमुना घेताना उलटा करून बघा. टाके जवळजवळ हवेत, पाण्याची भोकं स्पष्ट हवीत आणि एक झुपका धरून ओढला तर उपटून येता कामा नये. अतिनील किरणांविरुद्धची हमी किती वर्षांची हे लेखी घ्या, शिसं आणि जड धातूंच्या चाचणीचा कागद मागा.

दर मागताना “सगळं मिळून चौरस फुटाला किती” एवढ्यावर थांबू नका. खोदाई, पाया, गवत, चिकटवणी, वाळू, जाळी असे वेगळे आकडे मागा. पायाचा आकडा संशयास्पद कमी असेल तर तो माणूस खडीत हात आखडणार हे समजून चला.

अंथरणं आणि सांधे

रोल उघडून निदान एक दिवस पसरून ठेवा. घड्या जातात आणि ताण उतरतो. सगळ्या पट्ट्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेला हवा. एक पट्टी उलटी गेली तर ती वेगळ्याच हिरव्या रंगाची दिसते. मोजमाप आणि कापणी सकाळच्या गारव्यात करा. भर दुपारी गवत प्रसरण पावलेलं असतं, तेव्हा नेमकं कापलेलं रात्री आकसून फट पडते.

सांध्यासाठी रोलची कारखान्यातली कड तशीच वापरू नका. पट्टी उलटी करा, पाठीवर टाक्यांच्या ओळी दिसतात. कडेपासून दोन-तीन ओळी सोडून, दोन ओळींच्या मधोमध धारदार पात्यानं सरळ कापा. पातं बोथट झालं की लगेच बदला. दोन्ही कडा जवळ आणल्यावर मधलं अंतर टाक्यांच्या ओळींत असतं तेवढंच राहिलं पाहिजे. कडा एकमेकींवर चढवल्या तर कणा उठतो, लांब ठेवल्या तर काळी रेघ दिसते.

कडा मागे दुमडा, मध्ये एक फूट रुंद सांधपट्टी अंथरा, दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद दातेरी पट्टीनं पसरवा. मग एका हातानं पाती दोन्हीकडे सारत, दुसऱ्यानं कड खाली बसवत, फूटभर-फूटभर पुढे सरका. गोंदात अडकलेली पाती खिळ्याच्या टोकानं लगेच वर काढा, गोंद धरल्यावर ती निघत नाहीत. या कामाला दोन माणसं लागतात. पूर्ण सांध्यावर वाळूची पोती ठेवा आणि चोवीस तास कुणालाही वर जाऊ देऊ नका. आपल्या कोर्टात असे तीन सांधे, दीडशे फूट. पावसाचं आभाळ असेल तर त्या दिवशी गोंद कालवूच नका.

वाळू

नदीची किंवा बांधकामाची वाळू चालत नाही. तिच्यात माती असते, ती भोकं बुजवते आणि पहिल्या पावसाळ्यात शेवाळ धरते. धुऊन वाळवलेली, गोल दाण्यांची सिलिका वाळू घ्या. किती भरायची ते गवताच्या माहितीपत्रकावर असतं. चौरस मीटरला २० किलो लिहिलं असेल तर आपल्याला २,४२० किलो, म्हणजे ५० किलोची ४९ पोती. गवत आणि वाळू दोन्ही कोरडी हवीत. पातळ थर टाका, कडक झाडूनं कलाच्या उलट झाडा, पुन्हा थर, पुन्हा झाडू. तीन-चार वेळा केलंत तर पाती उभी राहतात, एकदम ओतली तर वाळूखाली गाडली जातात.

जाळी आणि दिवे

टेनिस बॉल साडेसहा सेंटिमीटरचा असतो, म्हणून ४५ मिलिमीटर चौकटीची नायलॉन किंवा एचडीपीई जाळी घ्या. उंची बारा ते पंधरा फूट, आणि क्रिकेट खेळणार असाल तर वरूनही जाळी. ती ताठ ताणू नका, थोडी सैल राहिली तर चेंडू थोपवते आणि टिकते. दिव्यांचा झोत खाली आणि आत वळवा. बाहेरच्या सगळ्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग हवंच. पावसात ओल्या खांबाला पोरं हात लावणार आहेत, इथे काटकसर नाही.

वापर आणि निगा

खिळ्यांचे बूट, खुर्च्या आणि दुचाकीचा स्टँड वर आणायचा नाही. आठवड्यातून एकदा पाला झाडा, महिन्यातून एकदा उलट्या कलानं कडक झाडू फिरवा. गोलसमोर आणि बॅट्समन उभा राहतो तिथे वाळू सर्वांत आधी कमी होते, तिथे दर सहा महिन्यांनी भर घाला. श्रावणात सावलीच्या बाजूला शेवाळ दिसलं की घसरायच्या आत घासून काढा. जोरदार पाण्याची तोटी सांध्याजवळ नेऊ नका. कुत्रा असेल तर त्या जागी रोज साधं पाणी ओता.

दिवाळीत कोर्ट बंद ठेवा. फुलबाजीची एक ठिणगी पडली तरी पातं वितळून काळा ठिपका राहतो. घराच्या मोठ्या काचांवरून परावर्तित होणारं ऊनही कधी कधी एका पट्ट्यात गवत वितळवतं. तसा ठिपका पुढे सरकताना दिसला तर काचेला बाहेरून जाळी किंवा पडदा लावा.

उरलेले तुकडे फेकू नका. ते गच्चीवर उन्हात पसरून ठेवा. पाच वर्षांनी ठिगळ लावायची वेळ आली तर माळ्यावर जपलेला तुकडा भडक दिसतो, गच्चीवरचा कोर्टासोबतच फिका झालेला असतो.